आबांचा सोमवार

आमच्या घरात भिंतीवर दोनच तसबिरी होत्या. एक तथागतांची आणि एक बाबासाहेबांची. गेल्या पावसाळ्यात समोरच्या भिंतीवर तिसरे चित्र लागले, तेही आल्यागेल्याच्या नजरेत भरेल असे. कातडी सोललेला उघडा माणूस. लाल स्नायू, निळ्या-तांबड्या नळ्या आणि पोटातला सगळा कारभार चव्हाट्यावर. आमची धाकटी मुलगी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, तिचा हा तक्ता. आमच्या आईने वय ऐंशीच्या पुढे नेले आहे. तिने तक्ता पाहिला आणि म्हणाली, "अगं बाई, ह्याला कायतरी नेसव आधी. घरात मानसं येत्यात."

नेसवले काही नाही. पण त्या उघड्या माणसाने आमच्या घरातली एक जुनी गोष्ट उघडी केली, ती सांगण्यासाठी हे लिहीत आहोत.

मुलगी मराठी शाळेत शिकलेली आणि हे पुस्तक इंग्रजीत. रात्री जेवणे झाली की ती मोठ्याने वाचते, अर्थ लावते आणि आम्हाला समजावून सांगते. दुसऱ्याला सांगितले की आपल्याला पाठ होते, असे तिच्या बाईंनी सांगितले आहे म्हणे. त्यामुळे आयुष्यभर ज्या देहाने राबलो तो देह आम्ही या वयात शिकायला बसलो. मोठ्या माणसाच्या अंगात हाडे 206. लहान बाळाच्या अंगात त्याहून जास्त, ती पुढे एकमेकांना जुळत जातात. रक्त सुमारे पाच लिटर. हृदय आपापल्या मुठीएवढे, मिनिटाला सत्तर-बहात्तर ठोके, म्हणजे दिवसाला एक लाखाच्या वर. लहान आतडे वीस फुटांच्या आसपास, तेवढ्या पोटात घडी घालून बसवलेले. आई म्हणाली, "वीस फूट लुगडं मी नेसले, वीस फूट आतडं पोटात हाय ते आज कळलं."

हे सगळे गमतीने चालले होते. मग लाळ आली.

तोंडात लाळेच्या मोठ्या ग्रंथी तीन जोड्या असतात. कानाच्या पुढे, जबड्याखाली आणि जिभेखाली. दिवसाला लिटर ते दीड लिटर लाळ तयार होते आणि तिच्यात शंभरात नव्याण्णव भाग नुसते पाणी. उरलेल्या एका भागात क्षार, चिकटपणा आणणारा पदार्थ आणि पिठूळ अन्नाची साखर करणारे एक द्रव्य. खरे-खोटे पाहायचे तर भाकरीचा तुकडा तोंडात घेऊन गिळू नका, नुसता चावत राहा. थोड्या वेळाने गोड लागतो. आम्ही सगळ्यांनी तो प्रयोग केला. आईला दात नाहीत, तिने घोळवला, तिलाही गोड लागला. मुलगी पुढच्या पानावर जाणार, तेवढ्यात आमच्या थोरल्या भावाने तिला थांबवले. म्हणाला, "ह्या थुंकीपायी आपल्या आज्याला साच्यावर घेतलं नव्हतं, ते तुला ठाऊक हाय का?"

तिला ठाऊक नव्हते. आजच्या मुलांना ते कुठून ठाऊक असणार!

मुंबईच्या कापड गिरण्यांत विणाई खात्याचा पगार चांगला. पण तिथे कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. धोट्याला ओठ लावावे लागत आणि तोच धोटा दुसऱ्याच्याही तोंडाला जाई. आमच्या माणसाची लाळ धाग्याला लागली तर विटाळ, म्हणून त्या खात्यात आम्हाला मज्जाव. कामगार लाल बावट्याखाली एक झाले तरी धोट्यापाशी ते एक नव्हते. 1928 च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हाच प्रश्न पुढाऱ्यांपुढे लावून धरला, की अस्पृश्य कामगाराला विणाई खात्यात काम मिळाले पाहिजे. आमचे आजोबा त्या काळात रिंग खात्यात होते. 1957 साली त्यांनी आमच्या वडिलांना, म्हणजे आबांना, गिरणीत चिकटवले ते कार्डिंग खात्यात. तोवर धोट्याची बंदी कोणी तोंडाने बोलत नव्हते. पण ज्याचे मागचे माणूस ज्या खात्यात, तिथेच पुढचे माणूस लागायचे. तोंडाने न बोलता चालणाऱ्या गोष्टी जास्त दिवस चालतात.

आणि कार्डिंग खाते म्हणजे काय, ते ज्याच्या घरात होते त्यालाच कळेल. रुईच्या गाठी ब्लो रूममध्ये फुटायच्या, पिंजून झडून त्यांचे जाड थर कार्डिंगला यायचे. तिथे बारीक तारांच्या दातांचे मोठे रूळ कापूस विंचरायचे आणि त्याचा पेळू निघायचा. विंचरताना बोंडाच्या सालपटांचा आणि वाळल्या पानांचा चुरा, तुटके धागे, सगळे हवेत. तारांचे दात साफ करायची पाळी आली की समोरचा माणूस दिसत नसे. गिरणीत ही धूळ सर्वांत जास्त ब्लो रूमला आणि कार्डिंगला, साच्यांकडे त्या मानाने पुष्कळ कमी. आबा घरी यायचे तेव्हा भुवया पांढऱ्या असायच्या. आम्ही लहान असताना त्यावर हसायचो, आबा म्हातारे झाले म्हणून.

आई रोज त्यांच्या हातावर गुळाचा खडा ठेवायची. गिरणगावात घरोघर तीच रीत होती, गुळाने घशातला कापूस पोटात जातो म्हणून. मुलीने तक्त्यावर बोट ठेवून आजीला दोन नळ्या दाखवल्या. पुढची हवेची, मागची अन्नाची. हवेच्या नळीच्या तोंडावर एक पान असते. घास गिळताना ती नळी वर उचलते आणि ते पान तिच्यावर झाकणासारखे पडते, म्हणून घास छातीत जात नाही. गूळही जात नाही. आई तक्त्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे पंचवीस वर्सं मी गूळ भलत्याच नळीत घालत हुते व्हय?" कोणाला हसू आले नाही. मुलगीच म्हणाली, "नाही गं आजी, घसा ओला व्हायचा, तेवढं तरी बरं वाटत असेल त्यांना."

त्या रात्री पुस्तकातला फुप्फुसांचा धडा निघाला आणि मुलीपेक्षा आम्हीच तो जास्त वाचला.

हवेची नळी चार-साडेचार इंच लांब, कुर्च्यांच्या अर्धगोल कड्यांनी ताठ धरलेली. खाली तिला दोन फाटे. उजव्या फुप्फुसाचे भाग तीन, डाव्याचे दोन, कारण डावीकडे हृदयाला जागा सोडलेली आहे. फाट्याला फाटे फुटत जातात, वीस-बावीस वेळा, उलट्या धरलेल्या झाडासारखे. शेवटच्या डहाळ्यांना बारीक फुगे लागलेले, त्यांना वायुकोश म्हणतात. ते तीस कोटींच्या आसपास. त्यांचे पापुद्रे इतके पातळ, की आतला प्राणवायू पलीकडच्या रक्तात जातो आणि रक्तातला कार्बन वायू अलीकडे येतो. हे सारे फुगे उकलून सपाट पसरले तर सुमारे सत्तर चौरस मीटर जागा भरते.

सत्तर मीटर म्हणजे किती, ते मुलीला सांगता येईना. आम्ही हिशोब केला. परळच्या चाळीत आमची खोली दहा बाय बारा, म्हणजे एकशेवीस चौरस फूट. सत्तर चौरस मीटरचे झाले साडेसातशे चौरस फूट. म्हणजे तशा सहा खोल्या. त्या एका खोलीत आम्ही आठ माणसे राहत होतो आणि सहा खोल्यांची जागा आबांच्या छातीत होती! रोज आठ तास ते तिच्यात कापसाचा चुरा भरून घेत होते.

नाकातले केस आणि नळ्यांतला चिकट ओलावा पुष्कळ धूळ अडवतो. आत बारीक केसांसारखे झाडूही आहेत, ते अहोरात्र धूळ वर लोटतात. पण कापसाच्या चुऱ्यात नुसती धूळ नसते. झाडाच्या पाल्यावरचे जंतू आणि त्यांचे विष त्यात असते. त्याने बारीक नळ्या सुजतात, नळ्यांभोवतीचा स्नायू आवळतो आणि वाट अरुंद होते. श्वास आत घेताना छाती फुगते म्हणून नळ्याही थोड्या रुंदावतात. बाहेर सोडताना त्या आणखी मिटतात. म्हणून अशा माणसाला हवा घेण्यापेक्षा सोडणे जड जाते. धड्याच्या शेवटी एक चौकट होती, कोणकोणत्या धंद्यात फुप्फुसांना कोणते रोग होतात त्याची. त्यात कापसाचा रोग होता. बिसिनोसिस त्याचे नाव. मुलीने अर्थ लावत वाचले: सुरुवातीला छाती आवळल्यासारखी होते, दम लागतो, आणि हा त्रास आठवड्याच्या सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी सर्वांत जास्त होतो. पुढच्या दिवसांत कमी होत जातो. म्हणून त्याला सोमवारचा ताप असेही म्हणतात.

सोमवार हा शब्द ऐकला आणि आम्ही तिन्ही भावंडांनी एकमेकांकडे पाहिले. बहीण त्या दिवसांत माहेरी आलेली होती.

आबांचा सोमवार आमच्या चाळीत प्रसिद्ध होता. सकाळच्या पाळीला जायचे ते ठणठणीत. संध्याकाळी यायचे ते तोंड न धुता उंबऱ्यात बसायचे. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, पुढे वाकून, खांदे वर चढवून. ओठांचा चंबू करून दिवा विझवल्यासारखी हळूहळू फुंकर सोडायचे. कोणाशी बोलायचे नाहीत. मंगळवारी जरा बरे, बुधवारी आणखी बरे, शनिवारी तर आम्हाला खांद्यावर घेऊन नाक्यापर्यंत जायचे. रविवारी एकदम तंदुरुस्त. आणि सोमवारी पुन्हा उंबरा.

चाळीने याचा सरळ अर्थ लावला होता. रविवारची सुट्टी, सोमवारी माणूस गप्प, म्हणजे रविवारची घेतलेली उतरत नाही. आबा दारूला शिवत नव्हते. 1956 नंतर त्यांनी पंचशील घेतले ते पाळले. पण चाळीचे तोंड कोण धरणार? कधी कधी सोमवारी खाडा व्हायचा. जॉबरने त्यांच्या नावापुढे आळशी म्हणून शेरा मारून ठेवला होता. आणि परक्यांचे काय सांगावे, आम्ही पोरेसुद्धा आपसात म्हणायचो, आबांना सोमवार चढला. एकदा आमच्यापैकी एकाने तोंडावर विचारले, "आबा, रविवारची अजून उतरली नाय व्हय?" कोणी विचारले ते आम्हा तिघांना माहीत आहे, इथे लिहीत नाही. आबांनी मान वर करून पाहिले फक्त. उत्तर दिले नाही.

ते उत्तर का दिले नाही, याचा अर्थ आम्ही पन्नास वर्षे वेगळा लावत आलो. राग आला असेल, लाज वाटली असेल. आता पुस्तक सांगते, आवाज निघतो तो बाहेर जाणाऱ्या हवेवर. छातीतून हवा सुटते, गळ्यातल्या दोन पट्ट्या थरथरतात, तेव्हा शब्द होतो. ज्याला हवा सोडणेच जड, त्याला शब्द परवडत नाही.

मुलीने आजोबांना पाहिलेले नाही. तिने आजीला विचारले, ते कसे बसायचे. आईने पलंगावर बसून दाखवले. हात गुडघ्यांवर, खांदे वर. मुलगी ओरडलीच, "अगं, हे आमच्या पुस्तकात आहे!" हात टेकले की खांदे स्थिर होतात आणि मानेचे, छातीचे वरचे स्नायू बरगड्या उचलायला मदत करतात. ओठ मिटून फुंकर सोडली की आत थोडा दाब राहतो, मग बारीक नळ्या मिटत नाहीत. दवाखान्यात रोग्यांना हे मुद्दाम शिकवतात. आबांना कोणी शिकवले नव्हते. त्यांच्या शरीराने आपले आपण ते शोधून काढले होते आणि रोज उंबऱ्यात बसून ते आमच्यासमोर करत होते.

दवाखान्यात गेलेच नाहीत असे नाही. 1974 च्या सुमारास एका मोठ्या दवाखान्यात गेले. तेव्हा गिरणगावात खोकला म्हटला की क्षयाचीच भीती. छातीचा फोटो काढला. फोटो साफ आला. डॉक्टरांनी सांगितले, काही नाही, कामावर जा. आईने त्या दिवशी चाळीत पेढे वाटले होते. आता कळते, की या रोगाची खूण छातीच्या फोटोत दिसत नाही. आवळलेली नळी फोटोत कशी दिसणार? फुंकर मोजावी लागते. सोमवारी कामावर जाण्याआधी एकदा आणि पाळी सुटल्यावर पुन्हा एकदा यंत्रात जोराने फुंकायला लावतात, आणि पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर आली ते पाहतात. दोन्ही आकड्यांत फरक पडला की रोग सापडला.

याला यंत्रच लागते असेही नाही. इटलीत रामाझ्झिनी नावाचे एक वैद्य होऊन गेले. 1700 साली त्यांनी कामकऱ्यांच्या रोगांवर आख्खा ग्रंथ लिहिला. जवसाचे आणि भांगेचे तंतू विंचरणाऱ्यांना धुळीने कसा खोकला लागतो, तेही त्यात आहे. रोग्याला जे प्रश्न विचारायचे त्यांत वैद्याने आणखी एक घालावा, असा त्यांचा आग्रह होता: तू धंदा काय करतोस? आबांना त्या दवाखान्यात नाव विचारले, गाव विचारले, खोकला किती दिवस आहे ते विचारले. गिरणीत कुठले खाते, ते विचारले नाही. आणि आबांनीही आपण होऊन सांगितले नाही. सांगण्यासारखे त्यात काही आहे, हे त्यांना तरी कुठे माहीत होते? कायद्यात हा धंद्यापायी होणारा रोग मानलेला आहे आणि त्याची भरपाई मागता येते. पण जो रोग कागदावरच आला नाही, त्याची भरपाई कोण देणार?

18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. आबांची गिरणी पुन्हा त्यांच्यासाठी उघडली नाही. आम्हाला वाटले, निदान धूळ तरी सुटली. पण इतक्या वर्षांनी नळ्या पूर्वीसारख्या होत नाहीत. तोवर त्यांचा सोमवार आठवडाभर पसरला होता. सातारच्या बाजूला गावी जाऊन राहिले आणि 1995 च्या थंडीत गेले. सगळ्यांनी म्हटले, दम्याने गेले.

बिसिनोसिसच होता असे आम्ही छातीठोकपणे सांगत नाही. आबा बिडी ओढत होते, रोज एक बंडल, आणि बिडी या रोगाला हात देते. आता तपासायला ना ते आहेत, ना गिरणी. मुलगी म्हणते, लक्षणे तंतोतंत जुळतात. तिच्या बाईंना तिने विचारले, त्यांचेही तेच मत पडले. आईला आम्ही हे समजावून सांगितले तेव्हा तिने एवढेच विचारले, "म्हंजे ते आळशी नव्हते, असं त्या पुस्तकात लिवलंय?" मुलगी म्हणाली, "हो आजी, लिहिलंय." आईने पुस्तक मागून घेतले. तिला अक्षर येत नाही. मांडीवर घेऊन बराच वेळ ते पान उघडून बसली होती.

आता ज्या कारणाने हे पेपरात द्यावेसे वाटले, ते. आमची बहीण जालन्याकडे दिलेली आहे. तिचा थोरला मुलगा कापसाच्या हंगामात जिनिंगमध्ये कामाला जातो. दिवाळी झाली की लागतो तो उन्हाळा लागेपर्यंत. सरकी वेगळी करताना तिथेही तोच चुरा उडतो. बहीण त्या रात्री सगळे ऐकून गप्प बसली होती. सकाळी म्हणाली, "पोराला एक फोन लाव." मुलीने लावला. आधी इकडचे तिकडचे बोलली, मग विचारले, "दादा, तुमची सुट्टी कधी असते?" तो म्हणाला, रविवारी, बाजार बंद असतो. "मग सोमवारी काही त्रास होतो का?"

तो हसला. म्हणाला, "तुला कुणी सांगितलं? सोमवारी संध्याकाळी जरा जड वाटतं छातीत. दोन दिवसांत जातं. मी म्हटलं, रविवारी मटण जास्त होतं त्याचं असेल."

बहिणीने फोन हातातून ओढून घेतला. त्याला तोंडाला रुमाल बांधायला सांगितले, तर मुलीने शेजारून बजावले की साध्या रुमालाने ही बारीक धूळ अडत नाही, घट्ट बसणारा धुळीचा मास्क मालकाकडून मागून घ्या, आणि विडी-सिगारेट आजच बंद. फुंकर मोजायची तपासणी जिल्ह्याच्या ठिकाणी होते, पण ती सोमवारी पाळी सुटल्यावर करायला हवी आणि त्याची पाळी सुटते संध्याकाळी सातला. तेव्हा तपासणीची खोली बंद झालेली असते. अर्धा दिवस सुट्टी मागितली तर रोज बुडतो, आणि मुकादम विचारतो, सोमवारीच कशी रे तुला सुट्टी लागते?

येत्या सोमवारी बहीण स्वतः जिनिंगच्या फाटकावर जाणार आहे. मुलीने तिला एका कागदावर चार ओळी लिहून दिल्या आहेत, डॉक्टरांना दाखवायला. पहिल्या ओळीत त्याचे नाव आणि वय आहे. दुसऱ्या ओळीत तो काम काय करतो ते.